शेवळाचा फोटो

भिवपुरीच्या वरची वाडी
२ जून

चि. माधवीस,
कोंडीआत्याचे अ. आ.

पत्र बघून घाबरू नको, कुणी मेलेलं नाय. वाडीत फोनला रेंज नाय हे एक. आणि खाली रेंजमध्ये जाऊन फोन केला तरी तू हो आत्या, हो आत्या म्हणतेस आणि दुसऱ्या दिवशी विसरतेस, हे दुसरं. कागद समोर पडलेला असला की विसरता येत नाय. जगदीशचा टेंपो कर्जतच्या बाजारात माल टाकून खालापूरला तुझ्या स्टुडिओवरनंच जातो, त्याच्याकडं देतेय. उत्तर त्याच्याच हाती दे. तो पत्रं उघडून वाचतो असा मला संशय हाय. वाचत असशील तर वाच रं जगदीश, आणि वाचून झालं की नीट चिकटव.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात शेलूच्या नव्या बिल्डिंगीतली एक बाई बाजारात आली. माझ्याकडनं शेवळाच्या दोन जुड्या घेतल्या. शेवळ खाजरं असतं, ते काकडाच्या आंबट फळांशिवाय शिजवायचं नाय, आणि त्याच्या आतला पिवळा भाग काढून फेकायचा, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. मी रीतीप्रमाणं जुडीमागं मूठभर काकडं तिच्या पिशवीत टाकली. तिनं ती उचलून परत माझ्या टोपलीत ठेवली. म्हणाली, कच्ची फळं नकोत, घरात कचरा होतो. मी बोंबलून सांगत होते की बाई, काकडं ने, नायतर घसा धरेल. पण तिच्या कानाला फोन. घसा धरला. धरणारच. दोन दिवस तिला गिळता येईना, आणि तिसऱ्या दिवशी तिनं बाजाराच्या साहेबाकडं तक्रार टाकली की डोंगरातल्या बायका विषारी भाजी विकतात.

आमी सात जणी बसतो तिथं. माझी सासू बसायची, तिच्या आधी तिची सासू. साहेबानं सातही जणींना उठवलं. म्हणे रानभाजी विकायची तर फोटोसकट फलक लावा, भाजी कुठली, कशी ओळखायची, कशी शिजवायची. महिनाअखेरपर्यंत फलक नाय झाला तर जागा दुसऱ्याला. पावती फाडणाऱ्या मनोजनं वर उपकार केले, मोबाइलवरनं शेवळाचा फोटो काढून कागदावर छापून दिला. माधवी, तो शेवळाचा नव्हताच गं. कुंडीतलं कसलं तरी लालभडक फूल होतं. ते बघून कुणी रानातनं काहीबाही उपटून खाल्लं तर घसा नाय, माणूसच जाईल. मी मनोजला तसं तोंडावर सांगितलं. तो म्हणाला नेटवर हाय म्हणजे बरोबर असणार.

म्हणून मी कॅमेरा घ्यायचा ठरवलाय. फोटोवाला नकोय, कॅमेरा पायजे. कर्जतच्या फोटोवाल्याला विचारलं, तो डोंगर चढायचे वेगळे पैसे मागतो आणि इतवारीच येणार. शेवळ काय इतवारची वाट बघत बसतं? आणखी पंधरा-अठरा दिवस, मंग संपलं ते पुढच्या वर्षावर.

धाकलू हसतोय. (नवऱ्याचं नाव घेतलं, आभाळ काय पडलं नाय.) त्याचं म्हणणं, या वयात फोटो काढणार आणि तेही पाल्याचे. मी त्याला सांगितलं, तुझे तरी काढण्यासारखं काय राह्यलंय.

तू दिवसभर त्याच धंद्यात बसलेली. तर कुठला घेऊ ते कळव, आणि लवकर. दादाला माझा नमस्कार सांग. पण कॅमेऱ्याचं सांगू नको, तो अक्कल शिकवत येईल.

पत्र मिळालं की हातातलं काम टाक, माया नंतर केलीस तरी चालेल.
तुझी आत्या,
कोंडी


खालापूर
४ जून

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चिकटवलेलं होतं, पण जगदीशदादाने देताना मला विचारलं की घसा धरलेली बाई बरी आहे का. बाकी तू समजून घे.

बाजाराचं वाचून फार संताप आला. बाबांना कॅमेऱ्याचं सांगितलं नाही, फक्त जागेचं सांगितलं. ते म्हणाले, कोंडी गप्प बसायची नाही. मी म्हटलं, बरोबर.

आता कॅमेरा. मला आधी वाटलं तुला एक बरा स्मार्टफोन घ्यायला लावावा, हप्त्यावर मिळतो, फोटोही चांगले येतात. आमच्या सहदेवशेठना विचारलं तर ते म्हणाले, शिकायचंच असेल तर मोठा घे, भिंग बदलता येणारा. त्याचे फोटो खरंच सुरेख येतात, मागचं सगळं धूसर आणि पान तेवढं लखलखीत. पण तो पाऊण लाखाच्या पुढे जातो, आणि अगदी जवळून काढायचं भिंग वेगळं घ्यावं लागतं. नवीन छोटे कॅमेरे आता दुकानांत फारसे मिळतच नाहीत, फोनने त्यांचा धंदा खाल्ला. जुने मिळतात. मेगापिक्सेल किती असावेत याची काळजी तू करू नकोस. फलक दोन फुटांचा असेल तर जुन्या कॅमेऱ्यालाही ते जड नाही.

माझे गुरू सांगायचे, गिऱ्हाइकाला कोणता कॅमेरा हवा असं विचारू नये, कशाचा फोटो काढायचाय ते विचारावं. तर तू मला सांग, फोटो कुठे काढणार, कशी उभी राहून, उन्हात की सावलीत, आणि खर्च किती झेपेल. लाजू नकोस. तू लाजणार नाहीसच म्हणा.

मामांना नमस्कार. त्यांचा एक फोटो मात्र नक्की काढ.
लोभ वाढवशील तेवढा मला कमीच पडेल.
तुझी भाची,
माधवी


वाडी
६ जून

चि. माधवीस,
आत्याचे अ. आ.

तुझा गुरू शहाणा. सहदेवशेठ नाय. पाऊण लाखाचा कॅमेरा गळ्यात घालून मी करवंदीच्या जाळीत शिरू? काटा मला लागला तर निघेल, कॅमेऱ्याला लागला तर मीच मरेन.

हप्त्याचा फोन नको. फोन घेतला की तो नुसता माझा राहात नाय. पोरं खेळणार, धाकलू बातम्या ऐकणार, आमच्या सात जणींतल्या बायजाची सून व्हिडिओ बघणार, आणि मला शेवळ दिसेल तेव्हा त्याची बॅटरी मेलेली असणार. मला असं कायतरी दे की ज्याच्यावर बोलता येत नाय, गाणी लागत नायत, कुणी मागणार नाय.

आता विचारलंस तसं सांगते. मी उभी राहून काय काढत नाय. भाजी पायाखाली असते, मी उकिडवी बसते. एका हातानं पाला बाजूला धरायचा, म्हणजे कॅमेरा एकाच हातात मावला पायजे आणि त्याच हाताच्या बोटानं बटन दाबलं गेलं पायजे. हात मातीचे असणार, ते मी पुसत बसणार नाय. झाडाखाली अंधार असतो आणि दोन पावलं सरकलं की डोळ्यावर ऊन. पावसात भिजणारच, पण त्याला मी पिशवी बांधीन, त्याचे वेगळे पैसे देणार नाय. लांबचं मला कायच बघायचं नाय. जवळचं बघायचंय, वितीवरनं. शेवळाच्या आत पिवळं कुठनं सुरू होतं, ते दिसलं पायजे. फोडशीच्या बुडाला कांदा नसतो आणि रानकांद्याच्या बुडाला असतो. वरनं दोन्हीची पाती सारखीच हिरवी, आणि फोडशी खातात, रानकांद्यानं माणूस आडवा होतो. ते बूड दिसलं पायजे. रंग हाय तस्सा आला पायजे.

वीज आमच्याकडं येते तेव्हा येते. म्हणून जो दुकानातल्या सेलवर चालतो तो बरा.

चार हजार हायेत. गेल्या साली मधाचे ठेवले होते. एवढ्यात बसव. नाय बसलं तर तसं सांग, गोड बोलून मला सहा हजाराचा गळ्यात बांधू नको. मी तुझी आत्या हाय, गिऱ्हाईक नाय.

राग आला तर पाणी पी, आणि मंग कॅमेरा शोध.
कोंडी


खालापूर
८ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी सहदेवशेठना वाचून दाखवलं, त्यांच्याबद्दलचं वाक्य गाळून. ते म्हणाले की वीस वर्षांत एवढं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक दुकानात आलं नाही. मग त्यांनी स्वतः मागचं कपाट उघडलं. तिथे जुने, लोकांनी बदलून दिलेले कॅमेरे पडलेले असतात.

जगदीशदादाकडे डब्यात दोन पाठवते. दोन दिवस वापर आणि नको असेल तो परत कर. काळा आहे तो लांबचं जवळ आणतो, समोरच्या डोंगरावरची गाय मोजता येते, दिसायलाही ऐटदार. त्याला चार्जर लागतो. चंदेरी आहे तो जुना, कोपऱ्यात चेपलेला, लांबचं त्याला फारसं जमत नाही. पण त्यावर फुलाची खूण असलेलं बटन आहे. जवळून फोटो काढायचा तर आधी ते दाबायचं, नाहीतर सगळं धुरकट येईल. हा दोन सेलवर चालतो. चांगले सेल घाल, भरता येणारे. चारांचा जोड आणि चार्जर सोबत देते, ते माझ्याकडून. वाद घालू नकोस.

चंदेरी तुझ्या चार हजारांत बसतो. काळा बसत नाही, पण तुला दोन्ही हाताळून बघता यावेत म्हणून दिलाय. तुला निवडायला काहीच समोर नसलं तर तू मलाच दोष देशील.

फोटो काढताना कोपर गुडघ्यावर टेकव, हात हलत नाही.
आठवण ठेवशील ती शिव्यांसकट चालेल.
माधवी


वाडी
११ जून

चि. माधवीस,
आत्याचे अ. आ.

काळा परत धाडलाय. धाकलूनं त्याच्यातनं अख्खा डोंगर बघितला, पलीकडच्या वाडीत कोण कुणाच्या अंगणात बसलंय ते सांगितलं, आणि म्हणाला हाच घे. म्हणून तर आधी डब्यात घातला. मला लोकांची अंगणं नकोत.

चंदेरी ठेवला. पहिल्या दिवशी त्यानं मला छळलं. तुझे सेल रात्री वीज नसल्यामुळं भरले नव्हते, म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाचे काढून घातले. दोन फोटो निघाले आणि मेला. वर घरात दिवसभर कुणाला वेळ कळेना. दुसऱ्या दिवशी भरलेले सेल घातले. त्याच्या वर एक बारीक भोक हाय ना बघायला, उन्हात पडद्यावर कायच दिसेना म्हणून मी त्या भोकातनं बघून काढले. भोकात शेवळ पुरं दिसत होतं आणि फोटोत त्याचं टोक छाटलेलं! बारा शेवळं, बारांची मुंडकी उडालेली. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाय, जगदीश वाचतोय.

मंग माझं मलाच कळलं. भोक वर हाय आणि कॅमेऱ्याचा डोळा खाली हाय, दोघं वेगळं बघतात. लांबच्याला चालतं, जवळ गेलं की फरक पडतो. मंग डोक्यावरचा पदर पुढं ओढून पडद्यावर सावली केली, फुलाचं बटन दाबलं, कोपर गुडघ्यावर. आणि माधवी, शेवळाच्या अंगावरची बारीक रेघसुद्धा आली गं. चाळीस वर्षं मी ते हातानं ओळखतेय, डोळ्यानं कधी एवढं बघितलंच नव्हतं.

एकेचाळीस फोटो हायेत. त्यातलं ते नखाएवढं कार्ड काढून कागदात गुंडाळून धाडतेय. चांगले निवडून मोठे छापून दे. छापून आले की बाजारात लावून बघते, लोक काय म्हणतात ते.

हे पत्र वाचून हसलीस तर मला कळेल.
कोंडी


खालापूर
१३ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हसले. खूप.

फोटो छापून पाठवते आहे, सहा, आणि कार्डही परत. बाकीच्यांचं मात्र मला काही कळलं नाही. निम्म्या फोटोंत भाजी दिसतच नाही! एकात नुसता मधोमध फुटलेला मोठा कातळ, एकात ओहोळाचं वळण, एकात उंबराचं खोड आणि कोपऱ्यात बोटाएवढं काहीतरी. तू चुकून बटन दाबलंस का? जवळचे आलेत ते फार छान आहेत. त्या कातळाचा मी तरीही एक छापलाय, कारण त्याच्या बुडाशी शेवळं ओळीने उभी आहेत आणि उजेड सुंदर पडलाय.

जपून राहा, म्हणजे भांडताना आवाज जपून वापर.
माधवी


वाडी
१६ जून

चि. माधवीस,
आत्याचे अ. आ.

चुकून दाबलं नव्हतं. भाजी कशी ओळखायची, असं साहेबानं विचारलं ना? आमी भाजी जागेवरनं ओळखतो. या कातळाखाली येतं ते शेवळ, या ओहोळाच्या काठाला येते ती भारंगी. माणूस त्याच्या घरात बघितला की जसा लांबनं ओळखतो, तसं. म्हणून मी जागेचे फोटो काढले, आणि मला वाटलं मी लई शहाणपणा केला.

काल बाजाराच्या तोंडाशी, रस्त्यावर उभी राहूनच, टोपलीला फोटो अडकवले. लोक थांबले. बघत होते, विचारत होते. दोन मोटारसायकलवाली पोरं आली, कुठल्या तरी फार्महाऊसवर राहायला आलेली. भाजी घेतली नाय. त्या फुटलेल्या कातळाचा फोटो मात्र स्वतःच्या मोबाइलमध्ये काढून घेतला आणि विचारलं, हा कातळ भिवपुरीच्या बाजूलाच ना, सकाळी तिथंच चालायला गेलो होतो. मी काय बोलायच्या आत बायजा आली आणि तिनं टोपलीवरचा फोटो ओढून टराटरा फाडला.

मी तिच्यावर धावून गेले. सगळ्या बाजारासमोर. ती एकच वाक्य बोलली, की तू माझं घर विकलंस. आणि निघून गेली.

तो कातळ बायजाचा, माधवी. म्हणजे सातबारा नाय तिच्या नावावर, पण तिच्या सासूनं तिला दाखवलेली जागा हाय ती. आमच्यात प्रत्येकीची जागा असते. दुसरी तिथं जाताना वाटेत दिसली तरी खुडत नाय. गेली तरी विचारून जाते, आणि कुणाला सांगत तर नायच नाय. मी त्या दिवशी तिला विचारून गेले होते, फोटोपुरतं. ती हो म्हणाली. तिला वाटलं भाजीचा फोटो, मला वाटलं जागेचा. तोंडानं जे मी मारलं तरी सांगितलं नसतं, ते या चेपक्या डब्यानं सांगून टाकलं. डब्याचा दोष नाय. दाबणारं बोट माझं होतं.

आज सकाळी ती दोघं कातळापाशी गेली होती. शेवळं खुडली नायत, कंदासकट उपटली. कंद गेला की पुढच्या वर्षी तिथं काय येणार? खड्डा.

बायजा माझ्याशी बोलत नाय. बाकीच्या पाच जणीसुद्धा आता म्हणतात, नको तो फलक, गेली जागा तर गेली. मी रडत बसलेय असं समजू नको. मी चिडलेय, आणि पहिल्यांदा स्वतःवर. पण जागा मी सोडणार नाय. दोन्ही जागा सोडणार नाय, बाजारातलीही आणि कातळाखालचीही.

आजपासनं जागा फोटोत येणार नाय. भाजी खुडायची, घरी आणायची, काळ्या घोंगडीपुढं हातात धरायची आणि मंग काढायची. हातात धरली की केवढी असते तेही कळतं. धाकलूला धरायला बसवलाय. तो सारखा हलतो म्हणून भाजी मी धरते, आणि कॅमेरा पाटावर टेकवून बटन तो दाबतो. त्याला आता वाटतंय सगळं तोच करतोय. आज काढलेल्यांचं कार्ड सोबत धाडतेय.

कातळाचे जेवढे फोटो तुझ्याकडं असतील तेवढे आजच्या आज पुसून टाक. नंतर नाय, पत्र वाचून व्हायच्या आधी.
कोंडी


खालापूर
१८ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पुसले. संगणकातून, मशीनमधून, सगळीकडून. शेठच्या नजरेसमोर पुसले. उजेड सुंदर पडलाय म्हणून तो फोटो मीच मोठा छापला, हे माझ्याकडून झालं. बायजाकाकूंना माझा नमस्कार सांग आणि मी माफी मागते म्हणून सांग. बोलत नसतील तर उंबऱ्यात उभी राहून सांग.

घोंगडीपुढचे फोटो मिळाले. आत्या, हे फोटो आधीच्यापेक्षा किती तरी चांगले आहेत! शेवळ अख्खं, मग उभं चिरलेलं, आतला पिवळा भाग बोटाने दाखवलेला. फोडशी आणि रानकांदा शेजारी शेजारी. मी रात्रीचं जेवण सोडून बसले आणि फलक तयार केला. रंग जरा उजळवलाय, हातांवरचे डाग काढलेत, लग्नाच्या अल्बमला करतो तसं सगळं स्वच्छ केलंय. बघ आणि कळव.

तुझं मन माझ्यावरून उठलं नसेल तर दोन ओळी धाड.
माधवी


वाडी
२० जून

चि. माधवीस,
आत्याचे अ. आ.

मन उठलं नाय, पण डोकं उठलं.

हा कुणाचा हात हाय? गोरा, गुळगुळीत, नखं धुतलेली. मी फलक उघडला आणि धाकलूला विचारलं की आपल्या घरी कोण नवरी येऊन गेली. चोपन्न वर्षांचा हात हाय माझा. त्याच्यावर कोयत्याचा वण हाय, काट्यांच्या चिरा हायेत, काकडाचा चीक लागून काळी पडलेली बोटं हायेत. तू ते पुसलंस. चल, माझा हात हाय, माझा अपमान मी गिळीन.

पण शेवळ बघ. हात गोरा करताना तू शेवळही गोरं केलंस. त्याचा जांभळा-तपकिरी रंग गेला, आतलं पिवळं फिकट झालं. आता कुठलं ठेवायचं आणि कुठलं फेकायचं ते मलाच कळेना, तर शेलूच्या बाईला काय कळणार? हा फलक लावला आणि बघून कुणी पिवळं ठेवून शिजवलं तर त्याचा घसा धरेल आणि तेव्हा खरोखर माझी चूक असेल. मनोजच्या लाल फुलात आणि यात फरक काय राहिला? त्यानं नेटवरनं खोटं आणलं, तू खऱ्याचं खोटं केलंस.

तुमच्या धंद्यात सगळ्यांना गोरं करायची खोड हाय. लग्नात चालतं, नवरी दुसऱ्या दिवशी घरात दिसतेच. भाजीला चालत नाय.

हाय तस्सं छाप. काळं ते काळं, पिवळं ते पिवळं. हाताचा एक डाग काढलास तर मी टेंपोत बसून खालापूरला येईन, आणि मला गाडी लागते हे तुला ठाऊक हाय.

बायजाच्या उंबऱ्यात उभी राहिले. तुझी माफी सांगितली, माझीही. माझ्या ओहोळाकाठची भारंगीची जागा तिला दिली, कातळाखाली पुन्हा येईपर्यंत, मंग ते तीन वर्षं लागोत नायतर दहा. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. बोलली नाय, पण तांब्या केला.

मोठ्यानं बोलले म्हणून काय माया कमी होत नाय, आवाजच तसा हाय.
कोंडी


खालापूर
२३ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान लाल झाले. पाच वर्षं मी रोज लोकांना गोरं करते आहे. परवा एका मुलीने पासपोर्ट फोटो काढला, मी सवयीने तिचा रंग उजळवला, आणि ती म्हणाली ताई, ही मी नाही. तेव्हा मला हसू आलं होतं. तुझं पत्र आल्यावर तिला फोन केला, फोटो परत काढून दिला. शेठ कुरकुरले. कुरकुरू देत.

फलक नवा छापलाय, जसाच्या तसा. खाली बाजाराचा छापील तक्ताही जोडलाय, मनोजने तुला दिलेला, जगदीशदादाने आणलेला. त्यात शेवटचा रकाना आहे, भाजी कुठून आणली, ठिकाण. तो रिकामा सोडलाय. काय लिहायचं ते तूच ठरव.

आशीर्वाद देताना हात वर कर, तो माझ्याकडे छापलेला आहे.
माधवी


कर्जतचा बाजार
३० जून

चि. माधवीस,
आत्याचे अ. आ.

हे पत्र मी माझ्या जागेवर बसून लिहितेय. टोपलीवर पाटी, पाटीवर कागद, अक्षर हललं तर समजून घे.

सकाळी सहाला आमी आलो. सातही जणी. बायजा सगळ्यांत पुढं होती. मी बोलावलं नव्हतं, ती स्वतःहून आली आणि माझ्या शेजारी तिचं पोतं टाकलं. शेवळ संपलं, आता फोडशी, टाकळा, भारंगी हाय, पण फलक शेवळापासनं लावलाय, पुढच्या सालाला तोच लागणार. फलक मागच्या खांबाला बांधला. लोक आधी हातच बघतात. एका म्हाताऱ्यानं बोटावरचा वण बघून विचारलं की हा कोयत्याचा का. त्याला कळलं की फोटोतली बाई हीच, मंग त्यानं चार जुड्या घेतल्या. एका पोरीनं रानकांद्याच्या फोटोवर बोट ठेवून आईला फरक समजावून सांगितला, मला तोंड उघडावं लागलं नाय.

नऊच्या सुमाराला मनोज आला. फलक वाचला, पुरता वाचला, डोकं हलवलं. म्हणाला बरोबर हाय. पावतीपुस्तक काढलं. मंग तक्ता बघितला आणि म्हणाला शेवटचा रकाना रिकामा हाय, ठिकाण लिहा, गट नंबर नसेल तर डोंगराची खूण लिहा. मी म्हणाले लिहिणार नाय. तो म्हणाला मंग पावती फाडता येत नाय. मी म्हणाले भाजी कशी ओळखायची ते लिहिलंय, कशी शिजवायची ते लिहिलंय, कुणाला काय झालं तर माझं नाव हाय, खाली अंगठा नाय, सही केलीय. जे खाणाऱ्याला लागतं ते सगळं दिलं. जागा खाणाऱ्याला लागत नाय. जागा उपटणाऱ्याला लागते.

त्यानं बायजाकडं बघितलं, त्याला वाटलं ती मऊ हाय. म्हणाला तुमी तरी लिहा. बायजानं त्याला विचारलं, तुझी आई आमटीत काय घालते ते तू बाजारात लिहून लावतोस का. मंग तो एकेकीपुढं गेला. सातही तक्त्यांचा शेवटचा रकाना कोरा. तो तापला, म्हणाला सगळ्या उठा, नायतर साहेबालाच आणतो. कुणी उठलं नाय. मी त्याला सांगितलं, जा, आण, येताना साहेबाला फोडशीची जुडी घ्यायला पिशवी आणायला सांग.

तो गेलाय. त्याला अर्धा तास झाला. तेवढ्यात हे लिहून काढलं. काय होईल मला ठाऊक नाय, माधवी. पावती मिळेल, नाय मिळेल. सामान उचलायला लावतील तर लावतील, उद्या सहाला परत येऊ, आणि परवा. सात जणींना रोज उठवायचं म्हणजे त्यांनाही रोज सहाला उठावं लागेल.

बाकीच्या सहा जणींच्या हातांचे फोटो काढलेत, कार्ड सोबत हाय. प्रत्येकीचा वेगळा फलक कर. बायजाचं एक बोट अर्धं हाय, ते अर्धंच ठेव.

साहेब येताना दिसतोय, मागं मनोज. माझ्यापुढं तीन गिऱ्हाईकं उभी हायेत. साहेबाला त्यांच्या मागं उभं राहावं लागेल.

लोभ कर, नको करूस, फलक मात्र लवकर कर.
तुझी आत्या,
कोंडी